थायरॉइड संप्रेरकांची पातळी व विषाणूजन्य श्वसनविकारांची तीव्रता : धामापूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

कोविड-१९ ची साथ २०२० साली पसरल्यानंतर रुग्णांच्या रक्तातील थायरॉइड संप्रेरकांविषयी अल्पावधीत विपुल संशोधनपर लेखन प्रसिद्ध झाले. त्यातील बहुतेक लेखांचा सूर एकच आहे : आजार जितका गंभीर, तितकी रक्तातील टी-३ या संप्रेरकाची पातळी कमी. निरीक्षण म्हणून हे विधान बव्हंशी ग्राह्य आहे. मात्र त्यावरून ‘थायरॉइड मंद असल्यामुळे आजार बळावतो’ असा अर्थ काढला जातो, तेव्हा विज्ञानाची जागा अनुमान घेते. असे अनुमान गावपातळीवर पोहोचले की त्याचे परिणाम रुग्णाला भोगावे लागतात. कोणी विनाकारण भयभीत होतो, तर कोणी अनावश्यक गोळ्या सुरू करतो. प्रस्तुत लेखात या संशोधनाची चिकित्सा करून मालवण तालुक्यातील धामापूरसारख्या गावासाठी त्यातून नेमके काय उरते, याचा विचार केला आहे.

शरीरक्रियेची पार्श्वभूमी

थायरॉइड (अवटू) ग्रंथी प्रामुख्याने टी-४ हे संप्रेरक स्रवते. प्रत्यक्ष कार्य करणारे टी-३ सुमारे ८० टक्के प्रमाणात ग्रंथीच्या बाहेर, म्हणजे यकृत, मूत्रपिंड, स्नायू इत्यादी ठिकाणी टी-४ पासून तयार होते. तीव्र आजारात हे रूपांतर मंदावते व टी-४ चा काही भाग ‘उलट टी-३’ या निष्क्रिय रूपाकडे वळतो. उपासमार, भाजणे, हृदयविकाराचा झटका, मोठी शस्त्रक्रिया, न्यूमोनिया अशा परस्परांशी संबंध नसलेल्या अवस्थांतही हाच बदल दिसतो. त्यास ‘थायरॉइडेतर आजाराचे लक्षणसमूह’ असे म्हणतात. टी-३ चा अर्धायुकाल सुमारे एक दिवसाचा, तर टी-४ चा सुमारे सात दिवसांचा असल्याने आजारपणात प्रथम टी-३ घसरते. म्हणजेच कमी टी-३ हा कोविडचा किंवा इन्फ्लूएन्झाचा विशेष नसून शरीरावर पडलेल्या भाराचा निर्देशक आहे.

प्रमुख अभ्यासांचा परामर्श

चीनमधील ५० रुग्णांच्या पूर्वलक्षी अभ्यासात निम्म्याहून अधिक रुग्णांचे टीएसएच सामान्य मर्यादेखाली आढळले, तसेच आजाराच्या तीव्रतेनुसार टीएसएच व टी-३ घटल्याचे दिसले. या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाची बाब मात्र क्वचितच उद्धृत होते. या रुग्णांना थायरॉइडचे कोणतेही पूरक औषध दिले गेले नव्हते, तरीही बरे झाल्यावर त्यांची पातळी निरोगी गटासारखीच झाली. हाँगकाँगमधील १९१ रुग्णांच्या अभ्यासात सुमारे १३ टक्के रुग्णांत थायरॉइड चाचण्या असामान्य होत्या व तीव्रतेबरोबर मुक्त टी-३ घटत गेले. लंडनमधील ३३४ रुग्णांच्या अभ्यासात बहुसंख्य, म्हणजे सुमारे ८७ टक्के रुग्णांचे थायरॉइड कार्य सामान्य होते. याउलट इटलीतील २८७ रुग्णांच्या अभ्यासात सुमारे २० टक्के रुग्णांत संप्रेरकाधिक्य, तर केवळ ५ टक्के रुग्णांत संप्रेरकन्यूनता नोंदविली गेली.

एकाच आजाराविषयीचे हे निष्कर्ष परस्परांपासून इतके दूर का जातात, हा प्रश्न बहुतेक सारांशलेखांत विचारलाच जात नाही. रुग्णांची निवड, आजाराचा दिवस, चाचणीची पद्धत व दिलेली औषधे यांतील फरक हे त्याचे उत्तर संभवते. २००३ च्या सार्स साथीनंतर सिंगापूर येथे ६१ बचावलेल्या रुग्णांचा पाठपुरावा झाला, तेव्हा त्यांपैकी चौघांत थायरॉइडन्यूनता आढळली. म्हणजे ग्रंथीला खरोखर इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही. कोविडनंतर उद्भवलेल्या वेदनायुक्त थायरॉइडदाहाच्या नोंदीही २०२० पासून प्रसिद्ध झाल्या आहेत. तथापि ग्रंथीची इजा व तात्पुरती टी-३ घट या दोन भिन्न गोष्टी असून त्यांना एकाच रकान्यात बसविणे हा या साहित्यातील मुख्य दोष होय.

मोजमापातील अडसर

रुग्णालयात दाखल रुग्णाच्या थायरॉइड चाचणीवर उपचारांचाही प्रभाव पडतो. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीचे प्राथमिक निष्कर्ष जाहीर झाल्यावर प्राणवायूची गरज असलेल्या रुग्णांना डेक्सामेथासोन देणे रूढ झाले. हे औषध टीएसएच दडपते व टी-४ चे टी-३ मध्ये होणारे रूपांतर कमी करते. रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपॅरिन काही चाचणीपद्धतींत मुक्त टी-४ खोटेच वाढलेले दाखविते. आयोडीनयुक्त द्रव्य टोचून सीटी स्कॅन केल्यास ग्रंथीच्या कार्यात काही आठवडे बदल संभवतो. अतिगंभीर रुग्णालाच ही औषधे अधिक मिळतात. त्यामुळे ‘गंभीर रुग्णाचे टी-३ कमी’ या विधानात आजाराचा वाटा किती व औषधाचा किती, हे वेगळे करणे आवश्यक ठरते. रक्ताचा नमुना उपचारापूर्वी घेतला की नंतर, एवढी साधी नोंदही जेथे नाही, त्या लेखातील सांख्यिकी कितीही भरदार असली तरी तिचे वजन मर्यादितच राहते.

कारण की परिणाम?

पूर्वीपासून थायरॉइडन्यूनता असलेल्यांना कोविड अधिक गंभीर झाला का, हा वेगळा प्रश्न होय. न्यूयॉर्कमधील ३७०३ रुग्णांच्या अभ्यासात २५१ जणांना पूर्वीची थायरॉइडन्यूनता होती. त्यांच्यात रुग्णालयात दाखल होण्याचा किंवा मृत्यूचा धोका वाढल्याचे आढळले नाही. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवर आधारित व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही तसाच आहे. मात्र येथेही सावधगिरी हवी. हे रुग्ण उपचाराखाली होते व त्यांपैकी बहुतेकांची पातळी सामान्य असण्याचा संभव होता. म्हणून या अभ्यासांनी ‘कमी टी-३ अपायकारक नाही’ असे सिद्ध होत नाही. नियमित गोळी घेणाऱ्या रुग्णाने विशेष भय बाळगण्याचे कारण नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते. रुग्णाच्या दृष्टीने हे ‘एवढेच’ पुष्कळ आहे.

कमी टी-३ हेच कारण असते, तर संप्रेरक दिल्याने रुग्ण सुधारावयास हवा होता. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीत अतिगंभीर, कमी टी-४ असलेल्या रुग्णांना थायरॉक्सिन देऊनही मृत्युदरात फरक पडला नाही. तीव्र मूत्रपिंड निकामतेच्या रुग्णांवरील २००० सालच्या चाचणीत तर थायरॉक्सिन घेतलेल्या गटात मृत्यू अधिक झाले. यास्तव केवळ आकडा सुधारावा म्हणून आजारी माणसाला थायरॉइडची गोळी देण्यास आधार सापडत नाही.

धामापूरच्या संदर्भात

धामापूर हे १५३० साली बांधलेल्या तलावामुळे व भगवतीच्या मंदिरामुळे परिचित असलेले गाव. २०२० साली या तलावास आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला. किनारपट्टीच्या अशा प्रदेशात ‘आम्ही मासे खातो, आम्हांस आयोडीनची चिंता नाही’ ही समजूत स्वाभाविक आहे. ती अर्धीच खरी आहे. सागरी मासळीतून आयोडीन मिळते, परंतु त्याचे प्रमाण मासळीच्या जातीवर व खाण्यातील सातत्यावर अवलंबून असते. आश्चर्य म्हणजे समुद्राच्या पाण्यापासून मिठागरात बनविलेल्या जाड्या मिठात आयोडीन नगण्य असते. म्हणूनच १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला व २००६ पासून आयोडीनविरहित खाद्यमिठाच्या विक्रीवर देशभर पुन्हा बंदी आली. मिठाच्या सत्याग्रहाचा वारसा सांगणारे शिरोडे ज्या जिल्ह्यात आहे, तेथे मिठाचा हा दुसरा इतिहासही अभ्यासक्रमात यावयास हवा.

आठ शहरांत झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ५३७६ प्रौढांच्या भारतीय अभ्यासात सुमारे ११ टक्के लोकांत थायरॉइडन्यूनता आढळली. त्यांपैकी अनेकांना त्याची पूर्वकल्पना नव्हती. या अभ्यासात मुंबई व गोवा ही सिंधुदुर्गाला जवळची किनारी ठिकाणे समाविष्ट होती. किनारी शहरांतील प्रमाण अंतर्गत शहरांपेक्षा थोडे कमी असले तरी नगण्य नव्हते. यावरून एक व्यवहार्य बाब निष्पन्न होते. श्वसनविकाराने दाखल झालेल्या रुग्णाची एकच चाचणी असामान्य आली, तर ती जुनी थायरॉइडन्यूनता आहे की आजारपणाची सावली, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. टीएसएच फार वाढलेले असल्यास खऱ्या थायरॉइडन्यूनतेचा संशय बळकट होतो. अन्यथा बरे झाल्यावर सुमारे सहा आठवड्यांनी चाचणी पुन्हा करणे इष्ट.

दोन अपवाद मात्र दुर्लक्षिता येत नाहीत. दीर्घकाळ उपचार न घेतलेल्या थायरॉइडन्यूनतेत संसर्गामुळे शुद्ध हरपण्यापर्यंत अवस्था जाऊ शकते. संप्रेरकाधिक्यात संसर्ग ‘थायरॉइड वादळा’स निमित्त ठरू शकतो. शिवाय संप्रेरकाधिक्यावर कार्बिमॅझोल घेणाऱ्या रुग्णास ताप व घसादुखी झाल्यास ती साधी सर्दी समजणे धोक्याचे आहे. हे औषध क्वचित पांढऱ्या पेशी कमालीच्या घटविते, म्हणून अशा वेळी गोळी थांबवून तातडीने रक्ततपासणी करावी लागते. तीव्रतेच्या आलेखांपेक्षा ही एक सूचना गावातील रुग्णाच्या अधिक उपयोगाची आहे.

निष्कर्ष

थायरॉइड संप्रेरके व श्वसनविकार यांचा संबंध खोटा नाही, पण त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. कमी टी-३ हा बहुधा गंभीर आजाराचा परिणाम असून तो कारण ठरल्याचा पुरावा अपुरा आहे. या विषयावर महाविद्यालयीन पातळीवर संशोधन व्हावयाचे असेल, तर रुग्णालयातील ५० नमुन्यांवर आणखी एक सहसंबंध काढण्यापेक्षा आजारापूर्वीची पातळी, औषधांची नोंद व बरे झाल्यानंतरची चाचणी हे तीन टप्पे जोडणारा आराखडा हवा. घराघरांतील मिठातील आयोडीन तपासणे हा पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांनाही झेपणारा उपक्रम आहे. धामापूर परिसरात तो झाल्यास मासळीवरील विश्वास कितपत सार्थ आहे, हे अनुमानाऐवजी मोजमापाने ठरेल.