बखरींतील कथावस्तु

धनंजयानें ‘दशरूपकां’त रूपकांचे भेद वस्तु, नेता व रस या तिहींवरून केले आहेत. तीच कसोटी ‘भाऊसाहेबांची बखर’ हिला लाविली असतां तिची रचना स्पष्ट होते. बीज कुंभेरीच्या वेढ्यांत (इ. स. १७५४) पडतें: खंडेराव होळकर पडतात, मल्हारराव प्रतिज्ञा करितात, शिंदे-होळकरांत तेढ येते. नजीबखानास राखण्याच्या सल्ल्यानें तें वाढतें, दत्ताजी शिंद्यांच्या मरणानें (१० जानेवारी १७६०) वीरास करुणाची जोड मिळते, फळ ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर येतें. नेते भाऊसाहेब, बीज दुसऱ्यांचें, फळ त्यांच्या माथीं.

पत्रें त्या त्या दिवसाचें वर्तमान सांगतात. पुढील फळ त्यांस ठाऊक नसतें. बखरकारास शेवट ठाऊक आहे, म्हणूनच तो आरंभ निवडतो. त्याचे संवाद बोललेल्या शब्दांचा पुरावा नव्हेत. परंतु पराभवाचें कारण त्यानें कोठें शोधिलें, याचा पुरावा खास आहेत. सबब कल्पित म्हणून ते गाळून नक्कल करणें आम्हांस मान्य नाहीं. तारखांची पारख पत्रांवरून करावी. पोथी मात्र समग्र उतरावी.