‘आमच्या’ आठवणी कोणाच्या?

गेल्या मार्गशीर्षांत सागरेश्वराच्या देवळांकडे जाण्याचा योग आला, तेव्हां परततांना आम्ही देवराष्ट्रें गांवांत थोडा वेळ थांबलों. तेथें यशवंतराव चव्हाणांचें जन्मघर कोणीही दाखवितो, आणि तें योग्यच आहे. परंतु रमाबाई रानड्यांचें माहेर कोठें होतें, असें विचारल्यावर पारावरच्या मंडळींत थोडी कुजबूज झाली. शेवटीं एका तरुणानें ‘त्या मालिकेंतल्या रमाबाई ना?’ असें म्हणून आमची सुटका केली. २०१२ सालीं सुरू झालेली ‘उंच माझा झोका’ ही मालिका घरोघर पाहिली गेली. तिचें ऋण आम्ही नाकारीत नाहीं. पण आमच्या मनांत होत्या त्या पडद्यावरच्या रमाबाई नव्हत. १९१० सालीं ज्यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें, त्या होत्या. आपण एका मराठी लेखिकेच्या गांवीं आलों आहों, ही भावना त्या पारावर आमच्याखेरीज कोणास नव्हती. आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही ती होऊं लागून फार वर्षें झालीं नाहींत.

जुना सातारा जिल्हा ऐसपैस होता. १९४९ सालीं त्याचा दक्षिण भाग तोडून निराळा केला व १९६० पासून त्यास सांगली जिल्हा हें नांव मिळालें. या एका जुन्या जिल्ह्याच्या पोटीं गेल्या शतकाच्या मागच्या शतकांत तीन स्त्रिया जन्मास आल्या: नायगांवीं १८३१ सालीं सावित्रीबाई फुले, अष्टें येथें १८६१ सालीं काशीबाई कानिटकर, आणि देवराष्ट्र्यास १८६२ सालीं कुर्लेकरांची यमुना, म्हणजेच पुढच्या रमाबाई. तिघींचीं लग्नें बाळपणीं झालीं, तिघींचें खरें शिक्षण सासरीं झालें, आणि तिघींनीं लिहिलें. जयंतीच्या व्याख्यानांत हीं तीन नांवें एका दमांत घेण्याची चाल आहे. व्याख्याता त्यांच्या कार्याविषयीं बोलतो, त्यांनीं सोसलेल्या हालांविषयीं बोलतो. त्यांच्या वाक्यांविषयीं मात्र सहसा बोलत नाहीं. आम्ही येथें वाक्यांविषयींच बोलणार आहों, व तेंही मुख्यतः रमाबाईंच्या. बाकी दोघींकडे तुलनेपुरतें वळूं.

‘आठवणी’ हें पुस्तक आपल्याकडे न्यायमूर्ति रानड्यांचें चरित्र म्हणून वाचलें जातें. त्याला गोपाळ कृष्ण गोखल्यांची प्रस्तावना आहे. गुरूच्या पत्नीनें लिहिलेल्या ग्रंथाला पट्टशिष्यानें प्रस्तावना लिहावी, म्हणजे वाचकाची दृष्टि पहिल्या पानाआधींच गुरूकडे वळते. आम्हीही वर्गांत तें पुस्तक वर्षानुवर्षें तसेंच शिकविलें. न्यायमूर्तींच्या संयमाचे दाखले त्यांतून काढावे, आंब्याच्या फोडींचा प्रसंग सांगावा, आणि पुढें जावें. एके वर्षीं एका विद्यार्थिनीनें मध्येंच विचारलें, ‘सर, यांत सारखा ‘स्वतः’ असा शब्द येतो, तो कोणाला लावला आहे?’ आम्हीं हंसून उत्तर दिलें, ‘अहो, न्यायमूर्तींना.’ ती म्हणाली, ‘मग बाईंनीं स्वतःला काय म्हणावें?’ तास संपल्याची घंटा झाली म्हणून आमची अब्रू राहिली.

हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. आपल्या बायका नवऱ्याचें नांव घेत नसत. घेतलें तर उखाण्यांत, चार जणींच्या आग्रहावरून. एरवीं ‘इकडून’, ‘इकडची स्वारी’ असे दिशा दाखविणारे शब्द त्या वापरीत. रमाबाईंनीं ते बाजूस सारून ‘स्वतः’ हा शब्द घेतला. व्याकरणांत हा शब्द बोलणाऱ्याकडे किंवा वाक्याच्या कर्त्याकडे परत वळतो: मी स्वतः, ती स्वतः. रमाबाईंच्या पुस्तकांत तो एकट्या माधवरावांकडे वळतो. माणूस ज्या शब्दानें आपल्याकडे बोट दाखवितो तो शब्दच त्यांनीं पतीस देऊन टाकला. १९३८ सालीं कॅथरीन गेट्स यांनीं या पुस्तकाचें इंग्रजी भाषांतर न्यूयॉर्कमध्यें प्रसिद्ध केलें, त्यास त्यांनीं ‘हिमसेल्फ’ असेंच नांव दिलें. म्हणजे परकीय भाषांतरकर्तीच्या कानाला जें खटकलें तें आमच्या कानाला पन्नाशीपर्यंत खटकलें नव्हतें.

यावरून बाईंनीं आपणांस पुसून टाकलें, असा निष्कर्ष काढणारे दोन पक्ष आहेत. एक त्याबद्दल त्यांना पतिव्रता म्हणून वंदन करतो; दुसरा, अलीकडचा, त्याबद्दल त्यांना दोष देतो. दोन्ही पक्षांनीं पुस्तक एकाच चष्म्यानें वाचलें आहे, असें आमचें मत झालें आहे. ‘स्वतः’ देऊन टाकल्यावरही बाईंपाशीं ‘मी’ उरतो; तो ‘मी’ पुस्तकांत कोठें जिवंत होतो तें पाहिलें पाहिजे.

पहिल्या भेटीचाच प्रसंग घ्या. १८७३ सालचें लग्न. वर एकतीस वर्षांचा, नुकताच विधुर झालेला. वधू अकरा वर्षांची. सुधारकांच्या या पुढाऱ्यानें विधवेशीं विवाह करावा अशी त्याच्या मित्रांची अपेक्षा; वडिलांच्या हट्टापुढें त्यानें मान तुकविली व हें लग्न केलें. लग्न लागल्यावर न्यायमूर्ति कोणाशीं न बोलतां खोलीचें दार लावून बसले. हें सर्व रमाबाई आपल्या पुस्तकांत सांगतात. आपल्याशीं झालेलें लग्न हा पतीच्या दुःखाचा दिवस होता, ही गोष्ट अठ्ठेचाळीस वर्षांची विधवा आपल्या हातानें लिहिते. तक्रार करीत नाहीं, आणि झांकीतही नाहीं. पुढें पति विचारतो, मी कोण, माझें नांव काय, हें तुला ठाऊक आहे का? आणि ती अजाण मुलगी ऐकलें होतें तसें नांव सांगून टाकते. मग पाटी येते, मुळाक्षरें येतात. जी जन्मभर ‘स्वतः’ म्हणणार होती तिनें आरंभींच एकदां नांव उच्चारून घेतलें आहे, तेंही उखाण्यावांचून. केवळ पतीचा गौरव करण्यास बसलेल्या लेखिकेस एवढी बारीक गोष्ट जपून ठेवण्याचें कारण नव्हतें.

परंतु पुस्तकाचें खरें बळ माडीवरच्या या धड्यांत नसून खालच्या माजघरांत आहे. न्यायमूर्ति माडीवर शिकवीत. त्याची किंमत सून खालीं मोजी. सासू, नणंद, आश्रयास असलेल्या वडील बायका यांच्या तोंडचे टोमणे रमाबाईंनीं असे उतरले आहेत कीं, त्या काळच्या पुण्यांतलें बायकांचें बोलणें ऐकावयाचें असेल तर याहून चांगली जागा आम्हांस माहीत नाहीं. हरिभाऊ आपट्यांनीं ‘पण लक्ष्यांत कोण घेतो’मध्यें हा आवाज कलावंताच्या सामर्थ्यानें घडविला, रमाबाईंनीं तो ऐकला होता. मुलींच्या हायस्कुलासाठीं भरलेल्या सभेंत बाईंनीं इंग्रजी निवेदन वाचलें त्या दिवसाचें वर्णन पाहा. सभेचें वर्णन आटोपशीर, परत आल्यावर घरांत जें झालें त्याचें मात्र सविस्तर. सभेंतील टाळ्या त्या विसरल्या असतील. माजघरांतलें एकही वाक्य विसरल्या नाहींत.

या प्रकरणांतून ‘स्वतः’ जवळ जवळ नसतात, हें लक्षांत ठेवावें. ते वडील बायकांना बोलत नाहींत; बाईंना सोसावयास सांगतात. देशाच्या सामाजिक परिषदेंत स्त्रियांची बाजू मांडणारा पुरुष आपल्या घरच्या माजघरांत एक शब्द बोलत नाहीं, ही विसंगति रमाबाईंनीं कोठेंही नांव घेऊन सांगितलेली नाहीं. त्यांनीं फक्त दोन्ही दृश्यें शेजारीं शेजारीं ठेवलीं आहेत. आम्हीं वीस वर्षें त्यांतलें एकच पाहिलें, हा दोष लेखिकेचा नव्हे. आणि पतीकडे त्या केवळ हात जोडून पाहतात असेंही नाहीं. १८८६ सालीं कलकत्त्यास असतांना न्हाव्यापुढें दाढीस बसलेले न्यायमूर्ति त्याच्याकडूनच बंगाली शिकूं लागतात, तो प्रसंग बाईंनीं किती खट्याळपणें सांगितला आहे! देवाला कोणी असें हंसत नाहीं.

येथें मिल्लची आठवण होते. रमाबाईंच्या लग्नाच्याच वर्षीं, १८७३ सालीं, जॉन स्टुअर्ट मिल्लचें आत्मचरित्र छापून निघालें; रानड्यांच्या पिढीस हा ग्रंथकार गुरुस्थानीं होता. आपल्या ग्रंथांतील उत्तम विचारांचें श्रेय मिल्लनें तेथें पत्नीच्या पदरांत इतकें सढळपणें घातलें आहे कीं इंग्रज वाचकांस ती अतिशयोक्ति वाटली. तरीही तें पुस्तक मिल्लचें नव्हे, त्याच्या पत्नीचें चरित्र आहे, असें कोणी म्हटल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. (ज्या आईनें त्याला जन्म दिला तिचा मात्र त्या छापील ग्रंथांत उल्लेखही नाहीं, तेंही कोणास फारसें खटकलें नाहीं.) पुरुषानें पत्नीपुढें आपणांस लहान केलें तर तें त्याचें आत्मचरित्र, आणि स्त्रीनें पतीपुढें तसेंच केलें तर तें पतीचें चरित्र, हा न्याय कोठला?

तथापि पुस्तक निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. उत्तरार्धांत प्रवास, पाहुणे व उपदेश यांची गर्दी होते. आंब्याच्या दोन फोडी खाऊन हात आवरणारे न्यायमूर्ति अनेकांना पाठ असतात. आम्हांला ती गोष्ट बोधकथेसारखी गुळगुळीत वाटते. तेथें लेखिका विद्यार्थिनी होऊन टांचण घेत बसते आणि तिचे कान मिटतात.

अष्ट्याच्या काशीबाईंची गोष्ट याहून निराळी. त्यांचें डॉ. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र १८८९ सालीं, म्हणजे आनंदीबाई गेल्यावर दोनच वर्षांनीं निघालें. काशीबाईंच्या पुढें पतीचा प्रश्न होताच. पण तो दुसरीचा पति होता, आणि हाताशीं त्या दुसरीचीं पत्रें होतीं. गोपाळरावांचा तापटपणा, त्यांनीं केलेली मारहाण, हें आनंदीबाईंच्याच पत्रांतून वाचकापुढें येतें. चरित्रलेखिकेस निकाल द्यावा लागत नाहीं. पत्रें छापण्याचा हा निर्णय काशीबाईंच्या साऱ्या कादंबऱ्यांहून आम्हांस मोलाचा वाटतो; ‘रंगराव’ आज वाचवत नाहीं, हें त्यांच्या चाहत्यांची क्षमा मागून सांगतों.

नायगांवच्या सावित्रीबाईंनीं तर हा नांवाचा प्रश्नच निकालांत काढला. १८५६ व १८६८ सालीं माहेराहून त्यांनीं जोतीरावांना पाठविलेलीं पत्रें म. गो. माळी यांनीं संपादिलेल्या ‘समग्र वाङ्मया’मुळें १९८८ पासून सर्वांस मिळूं लागलीं आहेत. पत्राच्या माथ्यावर आदराचें विशेषण आहे, पण त्यापुढें पतीचें नांव उघड लिहिलें आहे. आजारातून उठलेली बहीण महार-मांगांना शिकविण्यावरून भावाशीं कसा वाद घालते, किंवा गांवकऱ्यांच्या हातून एका जोडप्याचा जीव कसा वांचविते, हें ती पतीस कळविते. येथें काम दोघांचें आहे व बातमी तिची. रमाबाईंपाशीं हा मोकळेपणा नव्हता. त्यांना माजघरांतच राहून लिहावयाचें होतें, आणि ज्या पतीविषयीं लिहावयाचें तो दहा वर्षांपूर्वीं देवत्वास पोंचला होता. सावित्रीबाईंच्या मापानें त्यांना मोजणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. पण दोघींचीं पानें शेजारीं ठेवून वाचल्याखेरीज रमाबाईंनीं काय काय दडवून सांगितलें तें कळतही नाहीं.

शेवटची गोष्ट नांवाची. मराठींत ‘आपल्या’ म्हटलें कीं ऐकणारा आंत येतो; ‘आमच्या’ म्हटलें कीं तो उंबऱ्याबाहेर राहतो. रमाबाईंनीं ‘आमच्या’ हा शब्द जाणून निवडला असो वा सहज, वाचकास त्यांनीं उंबऱ्यापर्यंतच येऊं दिलें आहे. आठवणी १९०१ च्या जानेवारींत न्यायमूर्तींच्या मृत्यूपाशीं थांबतात, कारण त्यानंतर ‘आमच्या’ म्हणावयास दुसरें कोणी उरलें नाहीं. पुण्याच्या सेवासदनाचें काम त्यांनीं १९०९ पासून अंगावर घेतलें व १९२४ पर्यंत, मरेपर्यंत, वाहिलें. त्या वर्षांच्या, नुसत्या ‘माझ्या’ अशा आठवणी त्यांनीं लिहिल्या असत्या तर तें कोणत्या भाषेंतलें पुस्तक झालें असतें, या विचारानें आम्हांस अद्याप हुरहूर लागते.

आमच्या ग्रंथालयांत हें पुस्तक चरित्रांच्या कपाटांत, रानड्यांच्या दुसऱ्या तीन चरित्रांशेजारीं होतें. देवराष्ट्र्याहून आल्यावर आम्हीं तें आत्मचरित्रांत हलवावें म्हणून चिठ्ठी लिहिली. ग्रंथपाल बाईंनीं चिठ्ठी वाचली, कार्ड काढलें, ‘विषय’ या शब्दापुढचें नांव खोडलें, आणि तेंच पेन हातांत धरून विचारलें, ‘मग येथें आतां काय लिहूं?’