'ऑब्स्क्युरा': विसंवाद, वातावरण आणि रूप

'वातावरण' ही संज्ञा मराठी समीक्षेत जितक्या सहजतेने वापरली जाते, तितक्या काटेकोरपणे ती क्वचितच तपासली जाते. कथा-कादंबरीच्या संदर्भात तिचा आधार उघड असतो. स्थळ, काळ, ऋतू, वस्तू आणि माणसांचे बोलणे यांच्या चित्रणातून 'वातावरणनिर्मिती' झाली, असे म्हटले जाते. संगीताजवळ मात्र चित्रणाचे हे साधन नाही. स्वर स्वतःपलीकडच्या कोणत्याही वस्तूचा निर्देश करीत नाही. असे असूनही एखादी रचना 'काळोखी' किंवा 'भयप्रद' आहे, असे अनेक श्रोत्यांना वाटते. ते वातावरण नेमके कशात असते? ध्वनीत, शब्दांत, शीर्षकात, की श्रोत्याने बाहेरून आणलेल्या संकेतांत? अशा प्रश्नाची कसोटी टोकाच्या उदाहरणावर घेणे इष्ट असते. गॉरगट्स ह्या कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या वाद्यवृंदाची 'ऑब्स्क्युरा' (१९९८) ही ध्वनिमुद्रिका असे एक उदाहरण आहे.

डेथ मेटल हा संगीतप्रकार १९८०नंतरच्या दशकात, विशेषतः अमेरिकेत, आकाराला आला. खालच्या पट्टीत लावलेल्या, विद्युतध्वनीने खरखरीत केलेल्या गिटारी, अतिजलद तालवाद्ये आणि घशातून काढलेला गुरगुरता आवाज ही त्याची ओळखीची लक्षणे होत. प्रेत, कुजणे, हिंसा हे त्याच्या गीतांचे आणि वेष्टणांवरील चित्रांचे रूढ विषय होते. गॉरगट्सची 'कन्सिडर्ड डेड' (१९९१) ही पहिली ध्वनिमुद्रिका ह्या संकेतव्यूहाच्या अगदी मध्यभागी, फ्लॉरिडातील मॉरिसाउंड स्टुडिओत तयार झाली. 'द इरोजन ऑफ सॅनिटी' (१९९३) ह्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेनंतर वाद्यवृंदाला प्रकाशनसंस्था उरली नाही. 'ऑब्स्क्युरा'चा बराच भाग त्यानंतरच्या काळात रचला गेला आणि प्रसिद्धीसाठी त्याला १९९८पर्यंत थांबावे लागले. लुक लेमे आणि स्टीव्ह हर्डल (गिटार व गायन), स्टीव्ह क्लूतिए (बास गिटार) आणि पॅट्रिक रॉबेर (तालवाद्ये) हे तिचे चार वादक.

ह्या प्रकारच्या रूढ रचनेत एक अंतर्विरोध होता. भय विषयात असे, रूप मात्र आश्वासक असे. गीतात मृतदेहांचे वर्णन चालले असताना गिटारवरची आवर्तित स्वरावली, म्हणजे 'रिफ', ठरलेल्या मात्रांच्या चौकटीत फिरत राही आणि श्रोता तिच्या गतीवर निर्धास्तपणे मान डोलवू शके. रससिद्धांताच्या परिभाषेत सांगायचे तर बीभत्साचे आणि भयानकाचे विभाव तेथे मुबलक होते. परंतु ते ऐकण्याच्या प्रक्रियेत उतरलेले नव्हते. श्रोता त्यांची नोंद घेई आणि आनंद मात्र गतीचा घेई.

'ऑब्स्क्युरा' हा संबंध उलटा करते. तिच्यातील गीतांचा ओढा प्रेतांकडे नाही. आत्मिक उन्नयन, देहातीत अनुभव, शोक आणि आनंद यांची सरमिसळ असे विषय तिच्या शीर्षकांतूनच सूचित होतात. एका गीताचे नाव 'सटल बॉडी' असे आहे. 'सूक्ष्म देह' ह्या भारतीय दर्शनांतील संकल्पनेला इंग्रजीत रूढ झालेला हा प्रतिशब्द आहे. विषय असा ऊर्ध्वगामी असताना ध्वनी मात्र आधीच्या कोणत्याही प्रेतगीतापेक्षा अधिक अस्वस्थ करणारा आहे. भय विषयातून निघून रूपात शिरले आहे, आणि ह्या स्थलांतरातच ध्वनिमुद्रिकेचे महत्त्व सामावलेले आहे.

हे स्थलांतर कसे घडते, ते ध्वनीच्या तपशिलात पाहता येते. एका तारेवर एकच स्वर अतिजलद छेडून धून पुढे नेण्याची रीत हा डेथ मेटलचा कणा. येथे ती जवळजवळ वर्ज्य आहे. तिच्या जागी तारांवरचे घासणे, अर्धवट दाबलेल्या तारेतून उमटणारे किंचाळते उपस्वर आणि एकमेकांलगतच्या स्वरांचे कर्कश संयोग येतात. दोन गिटारी एकच ओळ वाजवीत नाहीत. एकीने मांडलेल्या आकृतीवर दुसरी ओरखडे काढीत जाते. बास गिटार नेहमीप्रमाणे त्यांच्या सावलीत न राहता स्वतंत्र, ठळक ओळ वाजवते. तालवाद्ये गतीला आधार देण्याऐवजी तिला वारंवार अडखळवतात. सम येणार असे वाटते तेथे ती येत नाही आणि अपेक्षा मावळल्यावर ती आदळते.

बा. सी. मर्ढेकरांनी कलाकृतीच्या घटनेचे नियम म्हणून संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे मांडली. ही तत्त्वे इतकी व्यापक आहेत की कोणतीही रचना त्यांत बसवता येईल, असा आक्षेप त्यांवर घेता येतो. 'ऑब्स्क्युरा' ह्या आक्षेपाला आणि त्या तत्त्वांना एकाच वेळी उजाळा देते. प्रथमश्रवणी येथे केवळ विरोध आहे, संवाद आणि समतोल यांचा मागमूस नाही, असे वाटते. पण ती अडखळणारी आकृती दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा येते, आणि प्रत्येक वेळी तशीच अडखळते. जे अपघातासारखे भासले ते योजिलेले होते, हे आवर्तनाने सिद्ध होते. म्हणजे येथील संवाद स्वरास्वरांतला नसून एका विसंवादाचा त्याच विसंवादाच्या पुनरागमनाशी असलेला संवाद आहे. गोंगाट आणि दुर्बोध रचना यांतील सीमारेषा येथे सापडते: गोंगाटाची पुनरावृत्ती त्याचा अर्थ वाढवीत नाही, रचनेची वाढवते.

आवाजाच्या बाबतीत हाच प्रश्न वेगळ्या दिशेने उपस्थित होतो. रोलाँ बार्त यांनी १९७२ सालच्या निबंधात आवाजाच्या 'पोता'ची कल्पना मांडली. गाणाऱ्या देहाचा, मातृभाषा उच्चारणाऱ्या घशाचा जो ठसा आवाजात उरतो, तो हा पोत. 'ऑब्स्क्युरा'तील गायकांची भूमी फ्रेंचभाषक आहे. एका गीताचे शीर्षक फ्रेंच असले तरी ध्वनिमुद्रिकेची प्रमुख भाषा इंग्रजी आहे, आणि ती इंग्रजीही संहिता हाती असल्याशिवाय क्वचितच कळते. भाषा अशी दुहेरी दूर सारल्यावर जे उरते, तो निखळ पोत आहे: ताणलेला घसा, संपत आलेला श्वास, फाटत जाणारा स्वर. बार्त यांना पोत भाषेच्या आणि संगीताच्या मीलनबिंदूवर अभिप्रेत होता. येथे तो भाषेच्या विलयबिंदूवर आढळतो. छापील गीतांतील उन्नयनाची भाषा आणि ती उच्चारताना मोडणारा देह यांतील अंतर हाच मग अर्थ होतो.

ध्वनिमुद्रिकेचे लॅटिन नाव काळोख आणि अस्पष्टता हे दोन्ही अर्थ सुचवते. एडमंड बर्क यांनी १७५७ साली प्रसिद्ध झालेल्या उदात्तविषयक ग्रंथात अस्पष्टतेला भयाची जवळजवळ आवश्यक अट मानले होते. धोक्याची पूर्ण व्याप्ती कळली की भयाचा बराच भाग ओसरतो, असा त्यांचा युक्तिवाद. त्याच ग्रंथात प्रचंड ध्वनी, आकस्मिकता, खंडित ध्वनी आणि पशूंचे आवाज यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. ही चारही साधने येथे हजर आहेत. तरीही बर्क यांचे विवेचन एका जागी अपुरे पडते. पहिल्या श्रवणानंतर आकस्मिकता शिल्लक राहत नाही. दहाव्यांदा ऐकणाऱ्याला पुढचा आघात ठाऊक असतो, तरी अस्वस्थता कमी होत नाही. म्हणून ही अस्पष्टता माहितीच्या अभावातून आलेली नाही. श्रोत्याला आकृती पाठ होते, पण तिच्यावर विसावता येत नाही. साडेनऊ मिनिटांच्या 'क्लाउडेड' ह्या संथ रचनेत याचा स्पष्ट प्रत्यय येतो. वेग काढून घेतल्यावर दचकवण्याचे साधन उरत नाही. उरतो तो स्वरसंयोगांचा भार आणि न येणाऱ्या विरामाची वाट.

ही सारी छाया शीर्षकांनीच पाडली असेल, ही शंका येथे रास्त आहे. लेमे यांना जवळच्या वाटणाऱ्या पेंडेरेत्स्की ह्या पोलिश संगीतकाराचे उदाहरण ह्या संदर्भात बोलके आहे. ५२ तंतुवाद्यांसाठी त्यांनी १९६०च्या सुमारास केलेल्या रचनेचे मूळ नाव केवळ तिचा कालावधी, ८ मिनिटे ३७ सेकंद, सांगणारे होते. हिरोशिमाच्या बळींचा शोक हे नाव तिला मागाहून मिळाले. त्या नावाने शोकाला विषय दिला. ध्वनीतील दाह मात्र नावाआधीही होता. शीर्षक वातावरणाला दिशा देते, वातावरण निर्माण करीत नाही. विभावाशिवाय रसनिष्पत्ती नाही हे खरे. त्यामुळे 'ऑब्स्क्युरा'च्या अनुभवाला 'भयानक रस' म्हणणे अयोग्य ठरेल. विषयनिरपेक्ष अशी ही अस्वस्थता आहे. वातावरण ही संज्ञा काटेकोरपणे वापरायची असेल, तर ती ह्याच अर्थाने वापरावी: रचनेने अपेक्षा जागवण्याच्या आणि रोखून धरण्याच्या रीतीतून श्रोत्याच्या कालानुभवाला आलेले वळण.

ध्वनिमुद्रिका निर्दोष नाही. सुमारे एक तास हा कालावधी तिच्या पद्धतीला जड जातो. विरोध हेच सूत्र झाल्यावर विरोधालाही विरोधाची गरज भासते, आणि उत्तरार्धातील काही रचनांना ती भागवता येत नाही. 'अर्थली लव्ह'मध्ये व्हायोलाचा स्वर येतो तेव्हा आधीचा खरखरीतपणा अधिक तीव्रतेने जाणवतो. असे क्षण आणखी हवे होते. पुढील काळात अनेक वाद्यवृंदांनी हा विसंवाद उचलला आणि त्याचा एक ओळखीचा उपप्रकार झाला. जे रूप होते ते अनेकदा अलंकार झाले, विसंवाद अपेक्षितच ठरला, आणि अपेक्षित विसंवादावर पुन्हा मान डोलवता येऊ लागली. ह्या फरकाचा उलगडा केवळ ध्वनींची यादी करून होत नाही. तो रचनेतच शोधावा लागतो.

शेवटच्या 'स्वीट सायलेन्स' ह्या रचनेत गायन नाही. घसा नाही, शब्द नाहीत, देहातीत अनुभवाचे आश्वासनही नाही. केवळ वाद्ये आहेत. नावात मधुर शांतता आहे आणि कानावर मात्र तीच अस्वस्थता येते. वातावरण शब्दांतून किंवा शीर्षकातून आलेले असते, तर ते येथे विरून गेले असते.