९६ टक्के आणि बेडूक

दिवाळी अंकात परीक्षण लिहायचे ते कथासंग्रहाचे, कवितेचे, फार तर एखाद्या आत्मचरित्राचे. मी ज्या वाङ्मयाविषयी लिहिणार आहे, त्याला अद्याप कोणी वाङ्मय म्हटलेले नाही. पण आमच्या घरी ते दरसाल मोठ्याने वाचले जाते आणि त्यावरून भांडणेही होतात.

गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगावकडे आमची धानाची शेती. मृगाच्या सुमारास काका पंचांग उघडून नक्षत्राचे वाहन पाहतात. बेडूक निघाला तर प्रसन्न, मेंढा निघाला तर गप्प. मग माझ्या मुलाला म्हणतात, "आता तुझी वेधशाळा काय म्हनते, वाच बाबू." तो वाचतो : देशात सरासरीच्या ९६ टक्के, पाच टक्के मागेपुढे. "देशात? अन् आपल्या बांधीत?" सारे घर हसते.

हे हसणे मराठीत जुनेच आहे. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद कोणी ऐकलेला नाही? पण २०१७ च्या जुलैत प्रकरण पोलीस ठाण्यावर गेले. बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातील शेतकऱ्यांनी तक्रार दिली, की बियाणे-औषधांच्या कंपन्यांशी संगनमत करून हवामान खात्याने चांगल्या पावसाचा अंदाज दिला. संगनमताची गोष्ट मला पटत नाही. परंतु पेरणी करपलेल्या माणसाला ती का पटली, ते कळते. खात्याने जूनमध्ये ९८ टक्के सांगितले होते, हंगामाअखेर देशाची गोळाबेरीज ९५ भरली. म्हणजे अंदाज खरा ठरला आणि माजलगावचे पीक करपले तेही खरेच. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे त्या पत्रकाच्या गद्यातून वाचकापर्यंत पोचत नाही. माझा पहिला आक्षेप आहे तो या गद्यावर.

पंचांगाची शैली कितीतरी सरस! बेडकाला टक्के नसतात, म्हणून तो चुकतही नाही. बुलढाण्यातील भेंडवळची घटमांडणी घ्या. अक्षय्य तृतीयेला शेतात घट आणि धान्ये मांडतात, दुसऱ्या पहाटे ती पाहून पावसापासून राजकारणापर्यंतचे भाकीत सांगतात, आणि वर्तमानपत्रे ते हौसेने छापतात. त्यात नाट्य आहे. सांगणारा समोर उभा आहे. गतसालच्या भाकिताचे काय झाले, असे मात्र त्याला फारसे कोणी विचारीत नाही.

उलट वसंत गोवारीकरांच्या नावाने ओळखले जाणारे सोळा घटकांचे गणित पाहा. १९८८ पासून त्यावर अंदाज निघत, आणि बरी वर्षे बरीच आली. २००२ साली अंदाज होता १०१ टक्क्यांचा. पाऊस पडला ८१. खात्याने २००३ मध्ये ते गणित बाजूला ठेवून नवे घेतले. लोक म्हणाले, "पाहा, यांचे काही खरे नाही." मी हे उलटे वाचतो. बेडूक कोणी कधी मागे घेतला?

काकांचा हुकमी मुद्दा पुढेच आहे : ज्यांना उद्याचे कळत नाही ते पन्नास वर्षांनंतरची हवा काय सांगणार? मुद्दा चतुर आहे, पण धानवाल्याला न शोभणारा. कोणता दाणा फुटेल हे काकाही सांगू शकत नाहीत; जुन्या बियाण्याची उगवण कमी होईल, हे ते पैजेवर सांगतात. आणि पूर्वीसारखी आठ-आठ दिवसांची झड आता लागत नाही, एका रात्रीत पाळ फुटते, ही तक्रारही त्यांचीच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०२० साली सिद्ध केलेल्या अहवालात मध्य भारताविषयी तेच आहे : दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक कोसळणाऱ्या पावसाचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. तोंडी असले की अनुभव, छापले की थोतांड. असा हा न्याय!

हे सारे मी काकांना ऐकवले. ते बराच वेळ पानाचे देठ खुडीत बसले. मग म्हणाले, "मंग असं सरळ लिहून का नाही देत ते लोक?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यांनी पंचांग कोनाड्यात ठेवले आणि पऱ्ह्यासाठी बियाणे भिजत घालायला सांगितले, निम्मेच.