‘घरच्यासारखी’मधली ‘सारखी’

आता ‘इलो इलो’कडे येऊ. अँथनी चेन यांचा हा २०१३ चा सिनेमा. कानला त्याला ‘कॅमेरा द’ऑर’ मिळाला. ठिकाण सिंगापूर, काळ १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटाचा. टेरी फिलिपिन्सहून घरकामाला येते, स्वतःचं तान्हं बाळ मागे ठेवून. आल्या आल्या मालकीणबाई तिचा पासपोर्ट ताब्यात घेतात. पुढे त्यांचा मुलगा जियाले टेरीला बिलगतो आणि आईला ते खुपू लागतं.

ही मायेची गोष्ट आहे, असं आपण सहज म्हणून जातो. माया खरी आहेच. पण बघा, पैसे संपले म्हणून घरच्या माणसाला कोणी निरोप देत नाही, टेरीला मिळतो. कामवालीला आपण ‘घरच्यासारखी’ म्हणतो ना, सगळा व्यवहार त्या ‘सारखी’त दडलेला असतो. माणसाला केवळ साधन मानू नका, असं कांट सांगतो. इथे मायेलाच पगार आहे, मुदत आहे.

माझा आक्षेप एवढाच, की जियालेचं दुःख कॅमेरा जवळून पाहतो. टेरीचं बाळ मात्र फोनच्या पलीकडेच राहतं. ते कुणाला बिलगत असेल?