सार्वजनिक-खासगी भागीदारी आणि परवडणारी घरे : मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसन योजनेची चिकित्सा

प्रास्ताविक :

नागरी गृहनिर्माणाच्या चर्चेत गेल्या तीन दशकांत 'सार्वजनिक-खासगी भागीदारी' ही संज्ञा चांगलीच रूढ झाली आहे. शासनाकडे पैसा नाही, खासगी विकासकाकडे तो आहे. म्हणून शासनाने जमीन व परवानगी द्यावी, विकासकाने भांडवल घालावे आणि त्यातून गरिबांना घर मिळावे, अशी ही सरळ मांडणी आहे. या मांडणीचा देशातील सर्वांत मोठा आणि दीर्घकाळ चाललेला प्रयोग म्हणजे मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसन योजना. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची सुमारे ४१ टक्के लोकसंख्या झोपडपट्ट्यांत राहत होती. साहजिकच या प्रयोगाचे यशापयश हा केवळ नगररचनेचा विषय उरत नाही, तो सामाजिक न्यायाचाही विषय ठरतो. प्रस्तुत लेखात या योजनेच्या परिभाषेतील 'भागीदारी', 'मोफत' आणि 'पात्र' या तीन शब्दांच्या आधारे तिची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

योजनेची जडणघडण :

महाराष्ट्राने १९७१ मध्ये झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास अधिनियम केला. १९८५ मध्ये पंतप्रधान अनुदान प्रकल्पातून मुंबईला १०० कोटी रुपये मिळाले व धारावीत पुनर्विकासाचे काम सुरू झाले. १९९१ च्या योजनेत २.५ चटईक्षेत्र निर्देशांक देण्यात आला. मात्र विकासकाच्या नफ्यावर २५ टक्क्यांची मर्यादा होती आणि रहिवाशांनाही खर्चाचा काही वाटा उचलावा लागत असे. १९९५ च्या सत्तांतरानंतर चित्र पालटले. ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरे, म्हणजे सुमारे ८ लाख सदनिका, ही घोषणा धोरण बनली. अफझुलपूरकर समितीच्या शिफारशींनुसार त्याच वर्षी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. नफ्याची मर्यादा उठली, रहिवाशांचा वाटाही संपला. पात्र कुटुंबास २२५ चौरस फुटांचे घर आणि विकासकास त्या बदल्यात खुल्या बाजारात विकण्याजोगे बांधकाम, असे योजनेचे स्वरूप ठरले. पुढे घराचे क्षेत्रफळ २६९ व नंतर ३०० चौरस फूट झाले. मूळ चौकट मात्र कायम राहिली.

'मोफत' म्हणजे काय?

या योजनेतील घर मोफत आहे, असे गेली तीस वर्षे सांगितले जाते. वस्तुतः कोणतेही घर मोफत बांधले जात नाही. त्याची किंमत कोणीतरी कोठेतरी मोजत असते. येथे ती जमिनीच्या मूल्यातून मोजली जाते. मूळ सूत्रानुसार पुनर्वसनाच्या प्रत्येक १० चौरस मीटर बांधकामामागे विकासकास मुंबई शहरात ७.५, उपनगरांत १० आणि धारावीसारख्या अवघड क्षेत्रात १३.३ चौरस मीटर विक्रीयोग्य बांधकाम मिळे. जागेवर न मावणारे क्षेत्र विकास हक्क हस्तांतरणाच्या रूपाने अन्यत्र वापरता येई. म्हणजे वस्तीतील माणसे कमी जागेत, उंच इमारतींत एकवटून जी जमीन मोकळी होते, तिच्यावरच 'मोफत' घराचा खर्च निघतो. याचा अर्थ असा की, या व्यवहारात रहिवासी हाही भांडवल घालणारा पक्ष आहे. तरीही परिभाषेत शासन व विकासक हे 'भागीदार' ठरतात आणि रहिवासी केवळ 'लाभार्थी'. लाभार्थ्याला हिशेब मागण्याचा अधिकार नसतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

या सूत्राचा दुसरा परिणाम अधिक दूरगामी आहे. मोबदला बांधकामाच्या क्षेत्रफळावर मिळतो. विक्रीचा दर मात्र परिसरावर ठरतो. त्यामुळे जेथे जमीन महाग तेथे विकासक आकृष्ट होतो आणि जेथे गरज तीव्र पण बाजारभाव कमी, तेथे योजना रेंगाळते. बाजार मंदावला की प्रकल्प अर्धवट राहतात व कुटुंबे संक्रमण शिबिरात वा भाड्याच्या प्रतीक्षेत अडकतात. आठ लाख सदनिकांचे उद्दिष्ट पाव शतकानंतरही निम्म्यापर्यंत पोहोचले नाही, त्यामागे प्रशासकीय दिरंगाईइतकाच हा अर्थशास्त्रीय दोषही कारणीभूत आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९७१ च्या अधिनियमाच्या कामगिरीचे परीक्षण व्हावे, असे मुंबई उच्च न्यायालयास सुचविले. या कायद्यातून उद्भवलेल्या दाव्यांची मोठी संख्या हे त्याचे एक कारण होते.

'पात्र' कोण?

योजनेचा लाभ एका तारखेवर अवलंबून आहे. आरंभी ती १ जानेवारी १९९५ होती, नंतर १ जानेवारी २००० झाली. २००० ते २०११ या काळातील रहिवाशांना २०२३ च्या निर्णयानुसार अडीच लाख रुपये भरून घर देण्याची तरतूद झाली. वरच्या मजल्यावर राहणारे, पुरावा नसलेले, वारंवार जागा बदलणारे भाडेकरू हे मात्र बहुधा यादीबाहेर राहतात. शहराला सर्वाधिक श्रम पुरविणारा नवा स्थलांतरित याच वर्गात मोडतो. तो यादीतून वगळला गेला तरी शहरातून नाहीसा होत नाही. तो पुढच्या वस्तीत जातो. पुनर्वसन झोपडपट्टी कमी करते की केवळ तिची जागा बदलते, हा प्रश्न म्हणूनच अनुत्तरित राहतो.

धारावी प्रकल्पात हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर समोर आला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ५,०६९ कोटी रुपयांची बोली अदानी समूहाने जिंकली. संयुक्त कंपनीत त्याचा ८० टक्के व शासनाचा २० टक्के वाटा आहे. पात्र कुटुंबांना धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर आणि अपात्रांना धारावीबाहेर, हे या प्रकल्पाचे धोरण आहे. परंतु धारावीत घर आणि कारखाना एकाच छपराखाली असतात. कुंभारकाम, चामड्याच्या वस्तू, शिवणकाम यांवर जगणाऱ्या कुटुंबास घर मिळाले आणि उपजीविका तुटली, तर त्याला पुनर्वसन म्हणता येईल काय?

घर आणि वस्ती :

मानखुर्द-गोवंडीतील लल्लूभाई व नटवर पारेख कंपाउंड या वसाहती प्रकल्पबाधितांसाठी अशाच सवलतींतून उभ्या राहिल्या. इमारतींमध्ये काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर अंतर आहे. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासाने येथील अपुरा प्रकाश, कोंदट हवा आणि क्षयरोग यांचा संबंध दाखवून दिला. पक्के घर हे आपोआप निरोगी घर नसते, हा त्याचा बोध आहे. तरीही एकांगी निष्कर्ष टाळला पाहिजे. घरातच शौचालय व नळ मिळाल्याने विशेषतः स्त्रियांच्या जीवनात झालेला बदल नाकारता येणार नाही. रहिवाशांची मागणी पुनर्विकास नको अशी क्वचितच असते. तो आपल्याला विचारून व्हावा, अशी असते.

तुलनेसाठी बीडीडी चाळींचे उदाहरण उपयुक्त आहे. वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील या शतकजुन्या चाळींचा पुनर्विकास म्हाडा स्वतः करीत आहे. खासगी कंपनी तेथे कंत्राटदार आहे, मालक नाही. रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मिळत असून ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना किल्ल्या देण्यात आल्या. तेथील रहिवासी शासनाचे अधिकृत भाडेकरू असल्याने त्यांची स्थिती वेगळी आहे, हे मान्य केले तरी एक गोष्ट सिद्ध होते : जमिनीचे वाढीव मूल्य सार्वजनिक संस्थेच्या हाती राहिले, तर त्यातून अधिक मोठे घर देणे शक्य असते.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, दोष भागीदारीच्या कल्पनेत नसून तिच्या वाटणीत आहे. जमिनीच्या मूल्याचा हिशेब खुला करणे, रहिवाशांच्या संस्थेस भागीदाराचा दर्जा देणे, अपात्रांसाठी परवडणारी भाड्याची सार्वजनिक घरे उभारणे आणि प्रकाश, हवा व उपजीविका यांना बांधकामाच्या अटींत स्थान देणे, या चार गोष्टींवाचून योजनेचे क्षेत्रफळ वाढेल, न्याय वाढणार नाही. ज्यांच्या डोक्यावरचे छप्पर काढून व्यवहार सुरू होतो, त्यांची सही केवळ संमतिपत्रावर नव्हे, तर करारनाम्यावरही असली पाहिजे.