आधी गाणे, मग गोष्ट

सिनेमातले गाणे कसे जन्मास येते हे दिवाळी अंकाच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. आधी कथा ठरते. मग कथेत एक जागा निघते: नायिका पाण्याला आली आहे, नायक गाव सोडून निघाला आहे. कवीला बोलावून ती जागा समजावून देतात. पुष्कळदा संगीतकार चाल बांधून तयारच बसलेला असतो, आणि कवी बिचारा त्या मापात शब्द बसवून देतो. शिंप्याचेच काम हे. अंग आधी, कपडा मागाहून. यातूनही चिरकाल टिकणारी गाणी निघाली, हा त्या कवींचा मोठेपणा.

परंतु १९९९ सालच्या डिसेंबरात अमेरिकेत 'मॅग्नोलिया' नावाचा चित्रपट आणि त्याच्या गाण्यांची तबकडी ही दोन्ही बाहेर पडली, त्यांत हा क्रम उलटा झालेला आहे. तिथे कपडे आधी शिवून तयार होते, आणि त्या मापाची माणसे मागाहून घडविली गेली.

ही गाणी एमी मान या बाईची. ती स्वतः लिहिते, स्वतः चाल लावते आणि स्वतःच गाते. १९८५ च्या सुमारास 'टिल ट्यूसडे' नावाच्या वाद्यवृंदातून तिचे नाव झाले. पुढे ती एकटीच गाऊ लागली, आणि एकट्याने गाणाऱ्याच्या वाट्यास जे येते ते तिच्याही आले. तिचा नवा संच ध्वनिमुद्रिका काढणाऱ्यांच्या पसंतीस उतरेना. हातोहात खपेल असे गाणे त्यांना त्यात दिसेना. अखेर तिने आपलीच गाणी पैसे मोजून परत घेतली आणि २००० साली तो संच स्वतः प्रसिद्ध केला. याच दिवसांत पॉल थॉमस अँडरसन हा तिशीच्या आतला दिग्दर्शक नव्या चित्रपटाची कथा लिहीत होता. त्याच्या आधीच्या चित्रपटांना मान बाईंचे पती मायकेल पेन यांचे संगीत होते, त्यामुळे घरोबा होताच. बाईंच्या जुन्या गाण्यांबरोबर अजून बाहेर न आलेली गाणीही त्याच्या कानांवर पडत होती. एखाद्या कादंबरीवरून चित्रपट करावा तसा आपण या गाण्यांवरून चित्रपट करीत आहोत, असे त्याने तबकडीसोबतच्या टिपणात मोकळेपणी लिहून ठेवले आहे.

मला ही तबकडी एका माजी विद्यार्थ्याने आणून दिली. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. पहिल्या खेपेस शब्द हाती लागले नाहीत, नुसता आवाज ऐकला, आणि तो काही केल्या वर चढेना. आपल्याकडे दुःखाचे गाणे म्हटले की गळा दाटून यावयास हवा, व्हायोलिनांनी टाहो फोडावयास हवा. ही बाई दुःखाची गोष्ट किराणा मालाची यादी वाचावी तशी सांगते. मला वाटले, हिला गाता येत नसावे. मग शब्दकोश घेऊन बसलो, एकेक ओळ थांबवून थांबवून ऐकली, तेव्हा उमगले की रडून झाल्यानंतरचा आवाज आहे हा. रडून झालेले माणूस असेच बोलते. शाळेत पालक भेटीला येतात त्यांच्यात हा आवाज मी पुष्कळदा ऐकला आहे.

'डेथली' नावाच्या गाण्याची पहिली ओळ अशी आहे की, ओळख होते न होते तोच ती स्त्री समोरच्या माणसाकडे कायमचा निरोप मागते. प्रेमाची इतकी भीती बसलेली. दिग्दर्शकाने काय केले, तर ही ओळ उचलून आपल्या क्लॉडिया नावाच्या मुलीच्या तोंडी बोलणे म्हणून घातली, आणि मग स्वतःला विचारले: असे कोण म्हणेल? कोणत्या घरात वाढलेली मुलगी असे म्हणेल? तिचा बाप कसा असेल? तिच्यासमोर बसलेला तो साधाभोळा पोलीस हे ऐकून काय करील? एका ओळीच्या पोटातून एवढी माणसे निघाली. मी वर्गात कविता शिकवितो तेव्हा कवीला काय म्हणावयाचे आहे ते मुलांकडून वहीत उतरवून घेतो. हे असे माणूस विचारणे मला कधी सुचले नाही.

आपल्याकडेही कवीच्या गाण्याभोवती एक मोठा चित्रपट झाला आहे. 'प्रभात'चा 'संत तुकाराम', सन १९३६. तुकोबा स्वतः रचणारे आणि स्वतः गाणारे. त्यांचे अभंग चित्रपटात आहेतच. पण बीज आणि वृक्षाचे जे गाणे पागनीसांच्या तोंडी लोकांच्या मनात ठसले, ते शांताराम आठवले यांनी लिहिलेले. ते इतके बेमालूम उतरले की जाणत्यांनीही गाथेत त्याचा शोध घेतला म्हणतात. म्हणजे तिथे चित्रपटाने आपले शब्द कवीच्या तोंडी घातले. इथे कवयित्रीचे शब्द चित्रपटातल्या माणसांच्या तोंडी गेले. दोन्हीकडे भक्तीच आहे. आठवल्यांच्या वाटेला अधिक कसब लागते, अँडरसनच्या वाटेला अधिक धाडस.

या धाडसाची कसोटी 'वाइज अप' या गाण्यात लागते. हे गाणे या चित्रपटासाठी लिहिलेलेच नाही. १९९६ च्या 'जेरी मॅग्वायर'च्या तबकडीत ते येऊन गेले होते, आणि फारसे कोणाच्या लक्षात राहिले नव्हते. इथे काय घडते पाहा. लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो खोऱ्यातली रात्र, बाहेर पाऊस. एकमेकांपासून दूर दूर, आपापल्या दुःखात बसलेली माणसे. पियानोचे मोजके सूर सुरू होतात, आणि आपल्या खोलीत एकटी बसलेली क्लॉडिया बाईंच्या आवाजात आवाज मिसळून गाऊ लागते. मग तिकडे तो पोलीस. मग तिचा बाप. मग मरणपंथाला लागलेला म्हातारा. त्याला शुद्ध नाही, आणि तो गातो! त्याच्या उशाशी बसलेला शुश्रूषा करणारा गातो, मोटारीत विष घेतल्यासारखी पडलेली त्याची बायको गाते, आणि शेवटी शाळेच्या ग्रंथालयात लपलेला एक लहान हुशार मुलगा. गाणे भानावर येण्याचे आहे, आणि ते भान सुखाचे नाही. आपले सिनेमे पाहून वाढलेल्या मला तर यात आश्चर्य वाटावयास नको होते. आपल्याकडे सगळेच गातात. पण आपली माणसे गातात ती एकमेकांसाठी, नाही तर प्रेक्षकांसाठी. ही गातात ती कोणी ऐकत नाही म्हणून. शेजाऱ्याकडेही हेच गाणे चालू आहे हे यांतल्या एकालाही ठाऊक नाही, ते फक्त आपल्याला ठाऊक आहे.

तबकडीवर हे सगळे आवाज नाहीत, एकट्या बाईंचाच आवाज आहे. आधी मला ही उणीव वाटली. आता वाटत नाही. चित्रपट पाहिलेल्याला ते बाकीचे आवाज आपोआप ऐकू येतात, आणि न पाहिलेल्याने आपली माणसे तिथे बसवावीत.

दोष सांगितल्यावाचून परीक्षण पुरे होत नाही, आणि इथे ते आहेतही. चित्रपट तीन तासांहून लांब आहे आणि अर्धा वेळ ओरडतो. शेवटी तर आकाशातून बेडकांचा पाऊस पाडतो. गाणी जे हलक्या आवाजात सांगून गेली तेच तो हात धरून पुन्हा सांगतो. तबकडीचा दोष निराळा. तेरा चिजांपैकी पहिल्या नऊ बाईंच्या. त्यांतले 'वन' हे हॅरी निल्सनचे १९६८ सालचे गाणे, पण तिने ते असे आपलेसे केले आहे की परके वाटत नाही. पुढे मात्र सुपरट्रॅम्प या मंडळींची दोन गाणी आणि गॅब्रिएल या गायिकेचे एक, अशी पाहुणेमंडळी येऊन बसतात. गाणी वाईट नाहीत. चित्रपटात ती गुत्त्यात आणि मोटारीत वाजतात म्हणून इथे आली. पण घरात कोणी गंभीर बोलत असावे आणि दारातून वरात जावी, तसे होते. आणखी एक गंमत आहे. 'नथिंग इज गुड इनफ', म्हणजे काहीच पसंत न पडणाऱ्यावरचे गाणे, या तबकडीत शब्दांवाचून नुसते वाद्यांवर आहे. ज्या बाईची गाणी कोणाला पसंत पडत नव्हती, तिचे नेमके हेच गाणे मुके झाले.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर वरचे सगळे लिहिण्याचा मला अधिकार नाही. माझी आत्या जात्यावर ओव्या म्हणे. गावात गिरणी आली होती तरी सणाचे दळण ती घरीच दळी. त्यांतल्या पुष्कळ ओव्या तिच्या स्वतःच्या असत, हे मला फार उशिरा कळले. माझ्या दुसऱ्या कादंबरीतली नायिका तिच्या एका ओवीतून निघाली आहे. ओवीतले दोन शब्द मी बदलले, आणि ते वाक्य नायिकेच्या तोंडी घातले. वाचकांची पत्रे आली ती बहुतेक त्या वाक्याबद्दल. मी ती पत्रे आत्याला वाचून दाखविली. पत्रेच फक्त, वाक्य कोठून आले ते नाही. ती म्हणाली, "चांगलं लिव्हलंस रे बाबा." तिच्या लक्षात आले होते की नाही, हे विचारण्याची आता सोय राहिली नाही. अँडरसनने तबकडीबरोबर जे टिपण छापले, तसे काहीही माझ्या पुस्तकात नाही.

शेवटचे दृश्य सांगतो आणि थांबतो. 'सेव्ह मी' हे गाणे सुरू होते. क्लॉडिया बिछान्यावर बसली आहे. तो पोलीस आत येतो, तिच्याजवळ बसतो आणि बोलू लागतो. आपल्याकडे अशा वेळी गाणे हळू करतात, नायकाचे बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून. इथे गाणे चालूच राहते आणि बोलणे त्याच्याखाली बुडून जाते. तो काहीतरी चांगले बोलतो आहे एवढे कळते, शब्द नीट लागत नाहीत. त्याच्यासाठी सबंध गोष्ट रचली गेली, आणि शेवटी दिग्दर्शकाने त्यालाही बाजूस सारून बाईंना गाऊ दिले. मुलगी ऐकत राहते, ऐकत राहते, मग मान वळवून थेट आपल्याकडे पाहते आणि हसते. सबंध चित्रपटात ती पहिल्यांदाच अशी हसते, आणि लगेच पडदा काळा होतो.

तबकडीवर हे गाणे नववे आहे. ते संपले की दहावे लागण्याच्या आत मी उठून यंत्र बंद करतो.